मुठीला पस्तीस मार्क

मिलिंग मशिन म्हणजे काय, हे मी आमच्या सोसायटीत आजवर इतक्यांना समजावून सांगितलंय की आता कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तेवढा रस अजून कुणी दाखवलेला नाही, ही गोष्ट वेगळी. भोकं पाडायचं उभं मशिन असतं ना, दिसायला साधारण तसंच. फक्त यात खालचं टेबल सरकतं. टेबलावर वाइस असते, म्हणजे वस्तू घट्ट धरून ठेवणारा लोखंडी जबडा. वाइसमध्ये धातूचा तुकडा पकडायचा, टेबलाची मूठ फिरवायची, की तुकडा हळूहळू फिरत्या कटरखाली जातो आणि हवा तेवढाच कापला जातो. एक मूठ टेबल डावीउजवीकडे नेते, दुसरी पुढेमागे. एवढंच आहे ते. हे सगळं ऐकून समोरचा मान डोलावतो आणि विचारतो, "ते ठीक आहे, पण याच्यावर तुम्ही करता काय?"

या एका प्रश्नाने माझ्या आयुष्याची जेवढी नाचक्की केली तेवढी कुणी केली नाही. कारण खरं उत्तर असं आहे की या मशिनवर मी या मशिनचेच पार्ट करतो.

हसण्यासारखं काही नाही. लहान मशिन घेतलेल्या प्रत्येक माणसाचं असंच होतं. मशिन येतं तेव्हा त्याच्या मुठी हाताला टोचतात, आकड्यांची चकती इतकी बारीक असते की चष्म्यावर भिंग धरावं लागतं, आणि कटर धरणारं वरचं डोकं सैल केलं की ते धाडकन खाली येतं. हे सगळं सुधारायला छोटे छोटे पार्ट करावे लागतात. ते पार्ट नीट व्हायला मशिन नीट हवं. आणि मशिन नीट व्हायला ते पार्ट हवेत. यात माणूस एकदा शिरला की लग्नकार्यात आचाऱ्याच्या मदतीला गेलेल्या पाहुण्यासारखी त्याची गत होते, त्याला पंगतीला बसायला मिळतच नाही.

त्यातून मी ड्राफ्ट्समन. ठाण्याच्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात मी उभा जन्म पार्ट काढले, पण कागदावर. माझ्या ड्रॉइंगवरून केलेला पार्ट मी कधी स्वतः केला नाही. रिटायर झालो, आणि माजिवड्याला एक वर्कशॉप बंद होत होतं तिथलं हे छोटं मशिन घरी आणलं. ते लिफ्टमध्ये कसं अडकलं आणि त्याच्यासोबत आत कोण अडकलं, हे मी सांगत नाही. आमच्या शेजारचे उत्तमराव ते माझ्यापेक्षा रंगवून सांगतात, आणि अडकलेलेही तेच होते.

मशिन आमच्या बंद गॅलरीत बसलं. तिथे आधी माझी बायको माया हिच्या कुंड्या होत्या. त्या कुंड्या हलवताना तिने एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. या वेळी ती नुसती बघत राहिली, कारण तिला कुंड्या उचलता येतच नव्हत्या.

ते आधी सांगायला हवं. माया कल्याणच्या शाळेत शिक्षिका होती. रिटायर झाल्यावरही तिचा आवाज शाळेतच राहिल्यासारखा खणखणीत होता. कल्याणच्या भाजी बाजारात कोथिंबिरीच्या देठांवरून तिचा पाय घसरला आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण मूठ वळेना. बोटं अर्ध्यावर यायची आणि थांबायची. डब्याचं झाकण उघडेना, पोळी लाटता येईना. ती चमच्याने जेवू लागली, आणि कुणी आलं की उजवा हात पदराखाली घेऊन बसू लागली. वर्गात चाळीस पोरांना नुसत्या हाताच्या इशाऱ्याने बसवणारी बाई ती. तिने हात लपवलेला मला बघवत नसे. मी दुसरीकडे पाहायचो, आणि मी दुसरीकडे पाहतोय हे तिला कळायचं.

फिजिओथेरपिस्ट सान्वी म्हणून एक हसरी मुलगी होती. तिने मायाला एक पिवळा चेंडू दिला आणि रोज सकाळ-संध्याकाळ दाबायला सांगितला. घरी आल्यावर मायाने तो वॉशिंग मशिनच्या डुगडुगत्या पायाखाली बसवला. जन्मभर जिने दुसऱ्यांना गृहपाठ दिला तिला या वयात कुणी गृहपाठ द्यावा, हे तिला मुळीच मान्य नव्हतं. चेंडू तिथे फार छान बसला. वॉशिंग मशिन हलायचं थांबलं.

आता मुठीकडे येतो. मशिनची मूळ मूठ म्हणजे एक बारीक लोखंडी दांडकं होतं. ते तळव्यात रुतायचं. मी ॲल्युमिनियमचा तुकडा घेतला आणि लेथ नसल्यामुळे तो मशिनच्याच चकमध्ये, म्हणजे कटर धरणाऱ्या फिरत्या जबड्यात, धरून त्याला कानस लावली. दिवसभर घासून एक गोल, गुळगुळीत मूठ केली. हाताने केलेली आयुष्यातली पहिली वस्तू. ती बसवली आणि मायाला हाक मारली. मला फक्त कौतुक हवं होतं, दुसरा काही हेतू नव्हता.

मायाने पदराखालून हात काढला, मुठीवर ठेवला आणि ती कशीबशी दोन वेढे फिरवली. चेहरा आंबट झाला.

"पस्तीस," ती म्हणाली.

"शंभरपैकी?"

"ढकलून पास. निसटते हातातून. आणि कडेला टोचते."

मी फार दुखावलो. कंपनीत माझ्या ड्रॉइंगवर सही करताना साहेबसुद्धा जपून बोलत. पण रात्रभर ते 'पस्तीस' डोक्यात राहिलं आणि सकाळी मी नायलॉनचा दांडा आणायला कल्याणला गेलो. नायलॉनच्या मुठीला बेचाळीस मिळाले. तिसरी मूठ मी मध्ये फुगीर केली, टोकाला निमुळती केली, तिच्यावर बारीक रेघा ओढल्या म्हणजे निसटू नये. माझ्या मते ती बक्षीसपात्र होती. मायाने ती बराच वेळ फिरवली, टेबल या टोकापासून त्या टोकाला नेलं, परत आणलं. मला वाटलं आता साठ तरी. "पस्तीस," ती म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.

याच सुमारास आम्ही सान्वीकडे गेलो. तिने मायाची बोटं दाबली, वळवली, किती मिटतात ते मोजलं, आणि तिचा चेहरा खुलला. काकू, तुम्ही चेंडू अगदी नियमित दाबताय, असं ती म्हणाली, पकड सुधारतेय, आता दाराची मूठ फिरवल्यासारखी हालचाल जास्त करा. मायाने गंभीरपणे मान हलवली. खोटं बोलणाऱ्या पोरांची तिने आयुष्यभर हजेरी घेतली होती, त्यामुळे ही कला तिला चांगली अवगत असावी. मी मात्र मनात हिशेब करू लागलो. चेंडू वॉशिंग मशिनखाली होता. मग सुधारणा आली कुठून?

रिक्षात मला उत्तर सापडलं, आणि ते तिला सांगायचं नाही हेही मी तिथेच ठरवलं. मूठ फिरवणं हाच व्यायाम होतोय असं तिला कळलं असतं, तर तिने मशिनची मूठसुद्धा कशाच्या तरी पायाखाली बसवली असती. तिला मार्क देऊ द्यायचे. मी मुठी करत राहायचं. मुठी संपल्या की दुसरं काही. मशिनमध्ये दोष काढायचे, पार्ट करायचे आणि प्रत्येक पार्ट तिच्याकडून फिरवून घ्यायचा. मशिन कधीही पुरं होता कामा नये, हे माझं नवं ध्येय झालं. जगात एवढं सोपं ध्येय कुणाचं नसेल.

मग मी आकड्यांची मोठी चकती केली. ती तिने फिरवून पाहिली, म्हणाली आकडे तिरके आलेत, अठ्ठेचाळीस. चकतीला घट्ट करायचा स्क्रू केला. तोही तिनेच पिळला. पुढे मशिनचं डोकं खाली पडू नये म्हणून काय करावं यावर उत्तमरावांनी सल्ला दिला. उत्तमरावांचे सल्ले त्यांचे स्वतःचे नसतात. अंबरनाथला त्यांचा एक साडू आहे आणि त्या साडूला सगळं येतं. त्या साडूला मी अजून पाहिलेला नाही, पण आमच्या घरातला गीझर, माझी पाठ आणि मुलीचं लग्न या सगळ्यांवर त्याचं मत मला माहीत आहे. साडू म्हणाला, गाडीच्या डिकीला असतो तो गॅसचा दांडा लावा. मी लावला. गाडी बहुधा फार मोठी असावी. मी डोक्याचा स्क्रू सैल करताच डोकं खाली यायच्या ऐवजी सणसणत वर गेलं आणि कपडे वाळत घालायच्या दांडीवर आपटलं. दांडीवरचा माझा लेंगा त्याच्यावर असा काही पांघरला गेला की मशिनच लेंगा घालून उभं असल्यासारखं दिसू लागलं. उत्तमराव म्हणाले, साडूने जोर कमी असलेला दांडा सांगितला होता. माया मात्र हसली. अपघातानंतर ती इतकी मोकळी हसली नव्हती, म्हणून मी उत्तमरावांना चहा दिला.

संकट आलं ते खालच्या मजल्यावरून. धातू कापला की त्याचा कीस पडतो. नारळाचा कीस असतो तसाच, पण चकचकीत. हा कीस मी हेअर ड्रायरने उडवत असे, कारण तो गॅलरीतून बाहेर गेला की गेला, असा माझा समज होता. वैशाखाचे दिवस. आमच्या बरोबर खाली हौसाबाई राहतात. साताऱ्याकडच्या, वयाने मोठ्या, साऱ्या सोसायटीच्या त्या मावशी. त्यांनी ग्रिलमध्ये कुरडया वाळत घातल्या होत्या. एक दिवस त्या परात घेऊन वर आल्या.

"भाऊ, ह्ये चांदीचं काय पडतंय वो वरनं?" त्यांनी शांतपणे विचारलं. "सुनंला वाटलं वर्ख लावलाय. म्या म्हनलं, आपल्यात कुरडईला कोन वर्ख लावतंय."

परातीतल्या कुरडया उन्हात अशा लखलखत होत्या की एखाद्या मिठाईवाल्याने हेवा करावा. मी हात जोडून माफी मागितली. हौसाबाई रागावल्या नाहीत, त्या रागावत नाहीत. पण त्यांच्या सुनेने सोसायटीच्या सेक्रेटरीला कळवलं, आणि सेक्रेटरी विश्राम साळवी हे अशाच प्रसंगासाठी जन्माला आलेले आहेत.

साळवी रत्नागिरीकडचे, बँकेतून निवृत्त. त्यांना नियमावली पाठ आहे आणि ती म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान येतं. त्यांनी मला बोलावून विचारलं की हा घरगुती वापर आहे की व्यवसाय. घरगुती, मी म्हणालो. मग तसं वीज कार्यालयाकडून लिहून आणा, ते म्हणाले. मी गेलो. तिथल्या बाईंनी यंत्राचं उत्पादन काय असं विचारलं. मी म्हणालो, पार्ट. कशाचे? याच मशिनचे. त्यांनी पेन खाली ठेवलं, पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावलं आणि मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. नंतर आणखी एकजण आला. मला वाटतं त्या दिवशी त्या कार्यालयात माझ्याइतका आनंद कुणी वाटला नसेल. लिहून मात्र कुणी काही दिलं नाही, कारण जे यंत्र फक्त स्वतःसाठी जगतं त्याला कुठल्या रकान्यात टाकायचं हे कुणालाच सांगता येईना.

साळवींनी सभा बोलावली. विषय एकच, तांबे यांचे, म्हणजे माझे, यंत्र हटवणे.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या हातून नको ते झालं.

मायाला कुठलीच मूठ पसंत पडत नव्हती. तेव्हा मला वाटलं, तिच्या हातालाच विचारू की त्याला काय आवडतं. मी कणीक मळली आणि तिला गोळा जमेल तेवढा आवळायला सांगितला. तिने आवळला. बोटांचे ठसे उमटले. पण तो गोळा गॅलरीत वाळत ठेवला तर कावळ्याने नेला. मग मी विचार केला, या हाताची खरी ओळख कुणाशी आहे? लाटण्याशी. लग्नात तिच्या आईने दिलेलं शिसवी लाटणं होतं. मधला भाग इतकी वर्षं घासून पाण्यासारखा मऊ झालेला. अपघातापासून ते ओट्यामागे पडून होतं. मी ते घेतलं, हातात धरायच्या टोकाचा भाग कापला, भोक पाडलं आणि मशिनवर मूठ म्हणून बसवला. इतकी सुंदर मूठ झाली की मी स्वतःच तिला ऐंशी दिले.

माया आली. तिने मूठ पाहिली, हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"हे माझं लाटणं आहे."

"हो. म्हटलं, तुझ्या हाताला सवयीचं."

तिने कापलेल्या टोकावरून बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे मी आता परत लाटणार नाही, असं तुम्ही धरूनच चाललात."

 काय सांगणार होतो? सांगण्यासारखं एकच होतं आणि तेच सांगायचं नव्हतं. ती आत गेली. हात पदराखाली होता.

त्या दिवसापासून तिने मशिनकडे पाहिलं नाही. मी ते लाटणं जोडायचा खूप प्रयत्न केला, ते जमेना, तेव्हा टोक पुन्हा मशिनवरच बसवलं. कल्याणच्या बाजारात जाऊन तसंच शिसवी लाटणं शोधलं. लाटणी ढीगभर मिळाली, पण तिच्या आईने दिलेलं लाटणं काही त्यांच्यात नव्हतं. मी दोन-तीन नवी लाटणी आणली, ती तशीच कपाटात राहिली. सान्वीकडे गेलो तर तिच्या कपाळाला आठी पडली. काकू, चेंडू बंद केलात का? माया म्हणाली, नाही. या वेळी ती खरं बोलत होती, कारण चेंडू तिने कधी सुरूच केला नव्हता. पण बोटं पुन्हा अर्ध्यावर थांबू लागली होती, हे मला दिसत होतं. मशिन गॅलरीत झाकून ठेवलं होतं. मी हजार पार्ट केले असते तरी ते फिरवणारं कुणी नव्हतं.

सभा गच्चीवर झाली. संध्याकाळची वेळ, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि एरवी सभेला कधी न येणारी माणसंसुद्धा आलेली. माया माझ्या शेजारी बसली होती, तोंड फिरवून. उत्तमराव माझ्या बाजूने बोलायला उठले, हा मला सगळ्यात मोठा धक्का. त्यांनी साडूचं मत सांगितलं की अशा यंत्राने इमारतीच्या खांबांना काही होत नाही, फक्त फरश्या हलतात. यावर खालच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. उत्तमराव बसले.

साळवी उभे राहिले. "तांबे, मी तुम्हाला एकच प्रश्न विचारतो. सभेला सांगा, या यंत्रावर तुम्ही काय तयार करता?"

सगळी गच्ची माझ्याकडे पाहत होती. मला उत्तर माहीत होतं. मी या यंत्रावर माझ्या बायकोचा हात तयार करतो, हे ते उत्तर होतं. ते मी म्हटलं असतं तर साळवींनीसुद्धा नियमावली मिटली असती. पण ती शेजारीच बसली होती. तिच्या हाताची गोष्ट चारचौघांत काढायची, तीही लाटण्याच्या प्रकरणानंतर, हे माझ्याने होणार नव्हतं. जाऊ दे मशिन, मी मनात म्हणालो.

"पार्ट," मी म्हणालो.

"कशाचे?"

"मशिनचेच."

लोक हसले. साळवी हसले नाहीत, पण समाधान चेहऱ्यावर आलं. त्यांनी ठराव वाचायला घेतला. तेवढ्यात माया उठली.

"साळवी, थांबा," ती म्हणाली. वर्गातला आवाज. हसणं तिथेच बंद झालं. "यांच्या कामात काही दोष नाही. मुठी चांगल्या होतात. तिसरी तर फारच चांगली होती."

मी तिच्याकडे वळलो. "तिसरीला तू पस्तीस दिलेस."

"मग काय करायचं?" ती माझ्याशी नाही, साळवींशी बोलत होती. "चांगले मार्क दिले असते तर हे परत जाऊन खुर्चीत बसले असते. रिटायर झाल्यावर यांचं काय झालं होतं, ते तुम्हाला माहीत नाही. भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवायला हाक मारली तर ऐकूच जायचं नाही. त्यात माझा हात असा झाला. यांना वाटायचं मला दिसत नाही, पण हे माझ्या हाताकडे बघूसुद्धा शकायचे नाहीत. मग ते मशिन आलं. मी मार्क कापले की हे चिडायचे, सकाळी उठून कल्याणला पळायचे, दिवसभर कानस घेऊन बसायचे. मला फिरवायला दुखायचं. डोळ्यांत पाणी यायचं. तरी फिरवायची मी, कारण फिरवल्याशिवाय चूक कशी काढणार? ते मशिन गेलं तर यांना पुन्हा खुर्चीतून उठवायचं कसं, ते मला सांगा. मला दुसरा उपाय माहीत नाही."

ती बसली.  माझ्या कानांपर्यंत रक्त चढलं होतं. इतके दिवस मी तिला फसवतोय असं समजून मनातल्या मनात शाबासकी घेत होतो, आणि इकडे सगळ्या सोसायटीला कळलं की तिसऱ्या मुठीपासून पुढच्या साऱ्या मुठी मी विनाकारण घासल्या. अपमान म्हणावा तर याहून मोठा अपमान नाही. तरी मला तिथेच, साळवींच्या समोर, तिचा हात धरावासा वाटला. मी धरला नाही. आमच्या पिढीत सभेत हात धरत नाहीत.

हौसाबाई म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ द्या की. खाली एक जाळी लावा भाऊ, म्हंजी कुरडया वाचत्याल."

साळवींनी चष्मा पुसला आणि ठरावात 'हटवणे' खोडून 'जाळी बसवणे' घातलं. दुपारी एक ते चार मशिन बंद, अशी अट त्यांनी जोडली. नियमावलीत तशी तरतूद आहे, असं त्यांनी सांगितलं. मी पाहिलं, तशी काही तरतूद नाही. पण काही अट घातल्याशिवाय साळवींना झोप लागली नसती.

घरी आल्यावर मी माझ्या बाजूचं तिला सांगावं असं फार वाटलं. चेंडू कुठे आहे ते मला माहीत होतं, तुझ्या बोटांसाठीच मी मुठी करत राहिलो, वगैरे. तोंडापर्यंत आलं होतं. पण तिने चप्पल काढली, सरळ गॅलरीत गेली, मशिनवरचं कापड ओढलं आणि त्या लाटण्याच्या मुठीवर हात ठेवला. हळूहळू टेबल त्या टोकाला नेलं. "हिला नव्वद," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पण माझ्या आईचं लाटणं कापल्याचे दहा मार्क कमी." मी स्टूल तिच्याकडे सरकवलं. आता सांगून काय उपयोग, ती फिरवतेय ना.

त्यानंतर मार्क देणं बंद झालं आणि माया स्वतःच मशिनवर बसू लागली. जाळीची चौकट मी कापायला घेतली आणि ती पुरी तिनेच केली. मला म्हणायची, तुम्ही फार घाई करता, आणि मला बाजूला करायची. मी स्टुलावर बसून बघत असे. माझ्या मशिनवर मला जागा नाही याचं दुःख मी उत्तमरावांना सांगितलं. ते म्हणाले, साडूच्या बायकोनेही त्याची स्कूटर अशीच घेतली होती.

मग एक सकाळ. मी कल्याणहून पितळेचा दांडा घेऊन आलो तर मशिनच्या वाइसमध्ये एक तुकडा पकडलेला होता. मायाने काही कापून ठेवलं असणार. तो काढून माझा दांडा लावावा म्हणून मी वाइसची मूठ फिरवली. ती हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली. गुडघा टेबलाला टेकवून ओढली. मला वाटलं अडकली असेल, म्हणून तेल सोडलं. उत्तमराव पेपर परत द्यायला आले होते, त्यांनीही शर्टाच्या बाह्या सावरून ओढून पाहिली आणि हे यंत्रच बिघडलंय असं सांगून गेले.

ते गेल्यावर मी नीट पाहिलं. वाइस बिघडली नव्हती. अडकलीही नव्हती. कुणीतरी ती नुसती घट्ट आवळली होती.

मी स्टुलावर बसलो आणि मला रडू आलं. या वयात गॅलरीत बसून वाइसकडे बघत रडणारा माणूस समोरच्या बिल्डिंगमधून कसा दिसत असेल, याचीही मी पर्वा केली नाही. जरा वेळाने डोळे पुसले आणि स्वयंपाकघराकडे हाक मारली.

माया ओले हात पदराला पुसत आली. काय झालं म्हणून विचारलं. वाइस उघडत नाही, मी म्हणालो. तिने उजव्या हाताने मूठ धरली, एक हिसका दिला आणि वाइस सुटली.

"एवढी घट्ट कुणी केली होती?"

"तू," मी म्हणालो.

तिने आपल्या हाताकडे पाहिलं. मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.  मग तिने मला कोपराने बाजूला सारलं, माझा पितळेचा दांडा वाइसमध्ये धरला आणि ओठ दाबून मूठ आवळली.

"आता सोडवून दाखवा," ती म्हणाली.

मी पुष्कळ प्रयत्न केला. सुटली नाही.